नांगरावर सात

तिसरीत असताना मी एक चित्र काढलं होतं. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या खाचेतून वर आलेला अर्धा सूर्य, आणि पुढे थेट समुद्र, त्यात एक जहाज. बाईंनी चित्र हातात घेतलं आणि म्हणाल्या, "अगं, एक काहीतरी ठरव. डोंगरामागून सूर्य उगवतोय तर पुढे शेत काढ, नदी काढ. समुद्रात सूर्य बुडतो, उगवत नाही." वर्गातल्या सगळ्यांनी समुद्र पाहिला होता तो गिरगाव चौपाटीवर, त्यामुळे कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. मी घरी येऊन रडले. बाबांची तेव्हा रात्रपाळी होती, ते नुकतेच झोपून उठले होते. त्यांनी चित्र खिडकीशी नेऊन नीट पाहिलं. "बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "रोज सकाळी मी हेच बघतो. फक्त डोंगर दोन नाहीत, पुष्कळ आहेत."

बाबा मुंबई गोदीत टॅली क्लार्क होते. जहाजाच्या पोटातून क्रेनने उचललेला माल धक्क्यावर उतरला की त्याचे नग मोजायचे आणि कागदावर मांडायचे, हे त्यांचं काम. चार उभ्या रेघा, पाचवी त्यांना तिरकी छेदून जाणारी. गोणी, पेट्या, गासड्या, पिंपं, कधी लाकडाचे ओंडके. आमच्या घोडपदेवच्या खोलीत दुधाचा हिशेबही कॅलेंडरवर त्याच रेघांनी मांडला जायचा. चौतीस वर्षांत त्यांनी गोदीतून किती सूर्योदय पाहिले असतील याची टॅली मात्र कुणी ठेवली नाही, आणि त्यांतल्या एकाचाही फोटो आमच्या घरात नाही. गोदीत कॅमेरा नेता येत नसे. नेता आला असता तरी आमच्याकडे तो नव्हता.

गेली अकरा वर्षं मी मुंबई बंदरावरचा सूर्योदय टिपते आहे. सुरुवातीला मला फक्त एक चांगला फोटो हवा होता. बाबांचा आणि त्याचा काही संबंध आहे हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

मुंबईकराचा समुद्र पश्चिमेचा. मरीन ड्राइव्ह, गिरगाव, दादर, वांद्र्याचं बँडस्टँड, जुहू. माणसं जिथे म्हणून वारा खायला बसतात तिथे समोर सूर्य मावळत असतो. भेळ, फुगे, प्रेमातल्या आणाभाका, सगळं मावळतीच्या उजेडात. पण ज्या पाण्यामुळे हे शहर झालं ते पाठीमागचं, पूर्वेचं. बेट आणि मुख्य भूमी यांच्या मधलं खोल, वाऱ्यापावसापासून आडोसा असलेलं पाणी. त्याच्यासाठी परक्यांनी इथे पाय रोवले. १८७३मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला, १८७५मध्ये कुलाब्याला ससून गोदी बांधून झाली, १८८०मध्ये प्रिन्सेस गोदी, तिच्या शेजारी व्हिक्टोरिया, आणि १९१४मध्ये अलेक्झांड्रा गोदी, जिला आता इंदिरा गोदी म्हणतात. गोद्यांच्या मागे गुदामं उभी राहिली, गुदामांच्या मागे बंदराची स्वतःची रेल्वे आली, आणि या सगळ्याच्या मागे भिंत. बसमधून पी. डिमेलो रोडने जाताना लहानपणी मला ती भिंत कधी संपतच नाही असं वाटायचं. लोकलच्या एका मार्गाचं नावच हार्बर लाइन आहे, तरी रे रोड किंवा कॉटन ग्रीनच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला हार्बर कुठल्या बाजूला आहे हे विचारावं लागतं. रोज सकाळी शहराच्या अख्ख्या पूर्व किनाऱ्यावर सूर्य उगवतो तो असा भिंतीपलीकडे, आणि तो बघणारी माणसं तिथे कामावर आलेली असतात.

त्यामुळे पहिला प्रश्न उभं कुठे राहायचं हाच. अपोलो बंदरावर गेटवेच्या दोन्ही अंगांना कठडा आहे, तिथे कुणी अडवत नाही. भाऊचा धक्का आहे. शिवडीची जेट्टी आहे. आणि मला सगळ्यांत आवडणारी जागा म्हणजे माझगावची भंडारवाडा टेकडी, डॉकयार्ड रोड स्टेशनला लागून असलेली. वर पाण्याची टाकी आणि तिच्या माथ्यावर जोसेफ बॅप्टिस्टा उद्यान. लोकमान्यांचे सहकारी आणि पुढे मुंबईचे महापौर झालेले काका बॅप्टिस्टा, त्यांच्या नावाचं. पहाटे फिरायला येणारी मंडळी तिथे गोल गोल चालत असतात आणि कठड्याशी आलात की खाली माझगाव गोदीपासून थेट पलीकडच्या डोंगरांपर्यंत सगळं बंदर पसरलेलं दिसतं. नौदलाच्या भागाकडे कॅमेरा वळवायचा नाही हा नियम मी पहिल्या दिवसापासून पाळत आले आहे. बंदरावर फोटो काढणाऱ्याने तो पाळायलाच हवा.

पहिलं वर्षभर माझे फोटो अतिशय वाईट आले. सूर्य डोळ्यांना ताम्हणाएवढा दिसायचा आणि फोटोत टाचणीच्या डोक्याएवढा. पुढे गणित समजलं. लेन्सची फोकल लेंग्थ मिलिमीटरमध्ये घ्यायची आणि तिला साधारण शंभराने भागायचं, तेवढ्या मिलिमीटरचं सूर्यबिंब सेन्सरवर पडतं. पन्नासच्या लेन्सने अर्धा मिलिमीटर, दोनशेच्या लेन्सने दोन. चोवीस मिलिमीटर उंचीच्या चौकटीत दोन मिलिमीटरचा सूर्य. जहाजापेक्षा सूर्य मोठा हवा असेल तर लांबची लेन्स हवी आणि जहाजही लांबचं हवं. दुसरी चूक रंगाची. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स मी ऑटोवर ठेवायची. कॅमेरा बिचारा आपलं काम करायचा, जास्तीचा तांबूसपणा ही चूक समजून तो पुसून टाकायचा. ज्या रंगासाठी मी चार वाजता उठले होते तोच गायब. आता मी तो डेलाइटवर ठेवते आणि हात लावत नाही. आणि एक गोष्ट नव्याने हे करणाऱ्या प्रत्येकाला मी आवर्जून सांगते. सूर्य धुरकटातून बाहेर आला की आरशाच्या कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरला डोळा लावू नका, मागच्या पडद्यावर बघा. फोटो पुन्हा मिळतो.

वेळही सांभाळावी लागते. आपल्याकडे सूर्य फार तिरका चढत नाही, जवळजवळ सरळ वर येतो. बिंबाची कड दिसल्यापासून पूर्ण गोळा मोकळा व्हायला सव्वादोन मिनिटं पुरतात. झुंजुमुंजु झाल्यापासून उन्हापर्यंतचा सगळा खेळ वीस-पंचवीस मिनिटांचा. तेवढ्यात ट्रायपॉड हलवायचा, लेन्स बदलायची असं ठरवलंत तर दोन्ही हातचं जातं. मुंबईचा सूर्य तसा घड्याळाने उशिराच उगवतो, कारण आपलं घड्याळ मुळात मुंबईचं नाहीच. देशाची प्रमाणवेळ १९०६मध्ये आली तेव्हा मुंबईने आपली जुनी वेळ सोडली नव्हती. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होती आणि १९५५पर्यंत शहरात टिकून होती. जुन्या मुंबई वेळेने बघितलं तर जानेवारीच्या मध्यावर सव्वासातला उगवणारा सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो. बाबांच्या तोंडी अजून 'बॉम्बे टाइम' हा शब्द येतो. त्यांनी तो त्यांच्या वडिलांकडून उचलला.

आणि जागा. सूर्य पूर्वेला उगवतो हे शाळेत शिकवतात, पण तो बरोबर पूर्वेला वर्षातून दोनदाच उगवतो. मुंबईहून बघितलं तर डिसेंबरात तो पूर्वेच्या उजवीकडे पंचवीस अंश सरकलेला असतो आणि जूनमध्ये डावीकडे तेवढाच. पन्नास अंशांची ही ये-जा मी पहिल्यांदा माझ्याच फोटोंवरून ओळखली. गेटवेच्या कठड्यावरून डिसेंबरातला सूर्य उरणच्या अंगाने वर येतो. मग दर आठवड्याला तो डावीकडे सरकत जातो. फेब्रुवारी संपता संपता कर्नाळ्याच्या सुळक्याच्या आसपास पोचतो. हवा स्वच्छ असेल तर तो अंगठा मुंबईतून दिसतो. जुने दर्यावर्दी इंग्रज त्याला फनेल हिल म्हणत. एप्रिलच्या अखेरीस सूर्य पलीकडच्या न्हावा-शेवा बंदराच्या क्रेनांवर येतो आणि मे संपताना घारापुरीच्या मागे. तिथून पुढे काय दिसतं ते मला फारसं ठाऊक नाही, कारण तेवढ्यात पाऊस सुरू होतो. पण घारापुरीमागचा सूर्य हवाच असेल आणि मेपर्यंत थांबायचं नसेल तर आपण सरकायचं. माझगावच्या टेकडीवरून घारापुरी जवळजवळ थेट पूर्वेला आहे. त्यामुळे तिथून तो सूर्य मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मिळतो आणि पुन्हा सप्टेंबरात. शहराच्या आत पाच किलोमीटर सरकलं की पंचांगात दोन महिने सरकतात. हे कळलं त्या दिवशी मला जो आनंद झाला होता तो मी कुणाला सांगू शकले नाही. बाबांना सांगितला. ते म्हणाले, "मग आम्ही शेडच्या कुठल्या दारात ऊन येतं त्यावरून महिना सांगायचो तो काय उगाच?"

बाबांनी माझे फोटो बघायला सुरुवात केली ती ही अशी. मी परळच्या एका स्टुडिओतून प्रिंट काढून आणायची. मोबाइलवर बघणं त्यांना मानवत नाही. ते प्रिंट हातात घेणार, भिंग लावणार, आणि सूर्याकडे ढुंकूनही बघणार नाहीत. एकदा मी त्यांच्यापुढे माझा त्या वर्षीचा सर्वांत चांगला फोटो ठेवला. केशरी आकाश, मधोमध सूर्य, त्याच्या जरा उजवीकडे नांगरलेलं मालवाहू जहाज. बाबा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "रिकामं आहे."

"काय रिकामं?"

"जहाज. खालचा तांबडा रंग बघ किती वर आलाय. भरलेलं असतं तर तो पाण्याखाली असता. माल उतरवून बाहेर थांबलंय. आणि हा फोटो ओहोटीचा आहे."

ओहोटीचा कशावरून ते मी विचारलं. त्यांनी भिंगाची कड जहाजाच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर ठेवली. नांगरावरचं जहाज येणाऱ्या पाण्याकडे तोंड करून उभं राहतं. भरती आत येत असेल तर त्याचं नाक बाहेरच्या समुद्राकडे असतं, ओहोटी लागली की ते हळूहळू फिरतं आणि नाक खाडीकडे करतं. बंदरात दहा जहाजं नांगरावर असली तर दहाही एकाच दिशेला तोंड करून उभी असतात, गोठ्यातल्या गुरांसारखी. मी चार वर्षं ती जहाजं बघत होते. ती अशी एका दिशेला का असतात हे मला कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं.

मग त्यांनी मला भरतीचं गणित शिकवलं. कोळ्यांचं ते जुनंच आहे आणि किनाऱ्यावर सगळ्यांना येतं, मला मात्र येत नव्हतं. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. मुंबईच्या पाण्याला त्यात अर्धापाऊण तास इकडेतिकडे करावा लागतो, पण कामापुरतं बरोबर येतं. बाबांच्या पिढीने शाळेत पावकी, निमकी, पाउणकी पाठ केलेली, त्यामुळे "सात पाऊण सव्वापाच" हे त्यांच्या तोंडून श्वासासारखं येतं. मी अजून बोटांवर मोजते. पण या एका सूत्राने माझं सगळं काम बदललं. पौर्णिमेला आणि अमावास्येला दुपारच्या सुमारास भरती, म्हणजे सकाळी सहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी. किनाऱ्यावर चिखल उघडा पडलेला, होड्या कुशीवर कललेल्या. शिवडीला फ्लेमिंगोंसाठी जायचं तर हेच दिवस, कारण ते चिखलातच चरतात. चिखल, त्यात साठलेल्या पाण्याच्या पट्ट्या, त्यांत पडलेलं गुलाबी आकाश आणि मागे समुद्रावरून गेलेला अटल सेतू. १२ जानेवारी २०२४ला त्याचं उद्घाटन झालं, तेव्हापासून शिवडीच्या चित्रात ती लांबलचक आडवी रेघ कायमची आली आहे. मला ती खुपत नाही. उलट तिच्यामुळे धुक्यात पाणी कुठे संपतं ते कळतं. अष्टमीच्या सकाळी याच्या उलट. पाणी पायऱ्यांना टेकलेलं, संथ. भरती-ओहोटीतला फरक त्या दिवसांत कमी असतो, त्याला भांग म्हणतात. प्रतिबिंब हवं असेल तर भांगाची सकाळ धरावी. कॅमेऱ्याच्या कुठल्याही वर्गात हे कुणी शिकवलं नसतं. ते कालनिर्णयच्या पानावर होतं, आमच्या भिंतीवर, दुधाच्या रेघांच्या शेजारी.

भाऊच्या धक्क्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी एकोणिसाव्या शतकात हा धक्का बांधला. त्यांचं नाव माणसांच्या तोंडी राहिलं. पहाटे तिथे जाणाऱ्याने पायात रबरी चपला घालाव्यात. बर्फाच्या लाद्या मशीनमध्ये टाकल्या की आतून चुरा कारंज्यासारखा उडतो, आणि दिव्याच्या पिवळ्या उजेडात तो क्षणभर सोन्यासारखा दिसतो. ट्रॉलर एकाला एक लागून उभे, दुसऱ्या रांगेतल्या होडीचा माल पहिल्या होडीवरून हातोहात धक्क्यावर येतो. कोळंबी, मांदेली, माकूल, बोंबील. पाट्या डोक्यावरून चालल्या की खालून पाणी ठिबकत राहतं. लिलावाचा आवाज, खलाशांचा आवाज, डिझेल इंजिनांचा ठोका, आणि हिवाळ्यात या सगळ्यावर घिरट्या घालणारे कुरव. इथे मी पहिल्यांदा गेले तेव्हा जे सगळे करतात तेच केलं. धक्क्याच्या टोकाला उभी राहिले, सूर्य समोर घेतला, त्याच्यापुढून पाटी घेतलेली बाई जाऊ दिली आणि बटण दाबलं. काळी आकृती, मागे नारिंगी गोळा. असे शेकडो फोटो माझ्याकडे आहेत. लोकांना ते आवडतात.

तिसऱ्या-चौथ्या फेरीला एका मावशीने मला थांबवलं. सत्तरीच्या असतील. नाकात भली मोठी नथ नव्हती, साधी चमकी होती, नऊवारी कासोट्याने घट्ट आवळलेली, हाताला मासळीचे खवले. "दाखव बघू," म्हणाल्या. मी कॅमेऱ्याचा पडदा दाखवला. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि मला विचारलं, "काय गो बाय, रोज येतंस, फोटू काडतंस, नि आमी सगल्या काल्या?"

मला उत्तर सुचलं नाही. तांत्रिक उत्तर होतं, सूर्यावर एक्स्पोजर घेतलं की समोरची माणसं काळी येणारच. पण त्यांनी विचारलेला प्रश्न तो नव्हता. सूर्य पाहिजे म्हणून मी त्यांच्या पाठीमागचा उजेड घेत होते आणि त्यांचा चेहरा सोडून देत होते. शेकडो फोटोंत एकीलाही ओळखता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी सूर्याकडे पाठ करून उभी राहिले. ऊन धक्क्यावर पोचतं तेव्हा आधी होड्यांच्या डोलकाठ्यांवरची निशाणं उजळतात, मग केबिनींचे निळे-हिरवे रंग, मग पाट्या, आणि मग माणसांचे चेहरे, वरून खाली. मावशी पाटीशी बसल्या होत्या. पापलेटं चुऱ्यावर लावलेली. तिरकं ऊन त्यांच्यावर आलं आणि रुपेरी कातडीवर आतून उमटावी तशी हलकी गुलाबी झाक आली, कल्ल्यांच्या कडेला जरा गडद. मावशींच्या गालावरच्या सुरकुत्यांत तेच ऊन बसलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, त्या गिऱ्हाइकाशी बोलत होत्या. त्या फोटोची प्रिंट मी आठवड्याने नेऊन दिली. त्यांनी ती पदराला हात पुसून घेतली. चेहऱ्याबद्दल काहीच बोलल्या नाहीत. "पापलेट ताजा हाय, बघ," असं शेजारणीला सांगितलं आणि प्रिंट ब्लाउजात ठेवून दिली.

तेव्हापासून मी सूर्याचे फोटो कमी काढते असं नाही. पण सूर्य टिपून झाला की वळते. बहुतेक लोक तेव्हा सामान आवरायला घेतात. माझं काम तिथून सुरू होतं.

हिवाळ्यातल्या हवेबद्दल मला राग आहे, तो लिहून टाकते. डिसेंबर-जानेवारीत रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन खाली बसते, तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं, आणि शहराचा सगळा धूर, बांधकामांची सगळी धूळ त्याखाली कोंडते. सूर्य पंचांगात लिहिलेल्या वेळेला उगवतो आणि आपल्याला दहा-पंधरा मिनिटांनी दिसतो, क्षितिजावर नव्हे, त्याच्या बोटभर वर, राखेतून. रंग सुरेख असतो हे खरं. निळा उजेड वाटेतच विखरून जातो, तांबडा तेवढा पोचतो. या तांबड्या गोळ्याच्या फोटोला सगळ्यांत जास्त वाहवा मिळते. पण मी तो काढताना खोकत असते, आणि माझ्या शेजारी टेकडीवर चालायला आलेले म्हातारे खोकत असतात. त्यापेक्षा ऑगस्टमधली एखादी उघडीप बघावी. रात्रभर पाऊस पडून सकाळी थांबलेला, पलीकडचे डोंगर हात लावावा इतके जवळ. सूर्य तेव्हा साधा पिवळा असतो. तो फोटो कुणी फारसा बघत नाही, मला मात्र फार आवडतो.

आता क्रेनांबद्दल. माझगावच्या टेकडीवरून मार्चच्या सुरुवातीला सूर्य न्हावा-शेवाच्या क्रेनांमधून वर येतो. अंतर दहा-अकरा किलोमीटर, मधे पाणी, डावीकडे घारापुरी. चारशेच्या लेन्समधून त्या क्रेना जिराफांच्या कळपासारख्या दिसतात. मला ते दृश्य इतकं आवडलं की सलग तीन वर्षं मी ते टिपत राहिले, आणि तिसऱ्या वर्षीची प्रिंट मोठी करून चौकटीत घालून बाबांना वाढदिवसाला दिली. त्यांनी ती भिंतीवर लावू दिली. पण त्या फोटोला त्यांनी भिंग लावलं नाही.

आईने नंतर सांगितलं. न्हावा-शेवाचं बंदर १९८९मध्ये सुरू झालं. माल गोणींतून आणि पेट्यांतून येण्याऐवजी कंटेनरमधून यायला लागला होता, आणि कंटेनर पलीकडे जायला लागले. कंटेनरमध्ये मोजायचं काय? सील लावलेला डबा, त्यावर नंबर. आत किती नग आहेत ते कुणीतरी दुसऱ्या देशात मोजलेलं. बाबांच्या शेवटच्या वर्षांत असे दिवस असायचे की पाळीत एक पानही भरत नसे. माणसं ऐच्छिक निवृत्ती घेऊन जात होती. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या जुन्या गोद्या तर आता बुजवूनच टाकल्या आहेत. त्यांतल्या व्हिक्टोरिया गोदीत १४ एप्रिल १९४४ला 'फोर्ट स्टिकाइन' या जहाजाचा स्फोट झाला होता. आग विझवायला धावलेले ६६ जवान त्यात गेले, म्हणून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह त्या तारखेपासून पाळतात. बाबा नोकरीला लागले तेव्हा तो स्फोट पाहिलेले लोक गोदीत होते. ते पाणी, त्या पायऱ्या, ती दारं, सगळं भराव घालून सपाट झालं आहे. रात्रभर काम करून सकाळी बाबा जो सूर्य पाहायचे, तो पुढे पुढे त्यांचं काम घेऊन गेलेल्या बंदरातून उगवत होता. मी तोच फोटो चौकटीत घालून त्यांना दिला होता.

मी तो उतरवू का असं विचारलं. बाबा म्हणाले, "राहू दे. क्रेना चांगल्या आल्यात. बारा आहेत ना?" मी मोजल्या. बाराच होत्या. भिंग न लावता त्यांनी त्या कधीच मोजून ठेवल्या होत्या.

रथसप्तमीला आई दूध उतू घालते. गॅलरीत पूर्वेकडे तोंड करून, छोट्या बोळक्यात, गोवऱ्यांच्या तुकड्यांवर. गॅलरीसमोर आता बावीस मजल्यांची इमारत झाली आहे, त्यामुळे सूर्य आमच्याकडे साडेआठपर्यंत येत नाही, पण आई पंचांगाची वेळ सोडत नाही. २०२५ची रथसप्तमी मंगळवारी आली, ४ फेब्रुवारीला. आदल्या रात्री मी बाबांना म्हटलं, "उद्या उरणला, मोऱ्याच्या लाँचने जाऊन येऊ या का?" निवृत्तीनंतर ते पाण्यावर गेलेच नव्हते. ते कॅलेंडरपाशी गेले. ओहोटी मोठी असेल तर मोऱ्याच्या धक्क्याला गाळामुळे लाँच लागत नाही, हे त्यांना आधी बघायचं होतं. "सप्तमी. भांग आहे," ते म्हणाले. "लागेल. जाऊ."

पहाटे आम्ही भाऊच्या धक्क्यावर चहा घेतला. बाबांनी मफलर कानाला गुंडाळलेला, स्वेटरच्या खिशात बॉलपेन. लाँचमध्ये उरणला कामाला जाणारी माणसं, दोन शिक्षिका, एक बाई रिकाम्या पाट्यांची चळत घेऊन. आम्ही वरच्या बाकावर बसलो. लाँच सुटली, धक्क्याचे दिवे मागे गेले. पाणी शिसासारखं राखाडी, त्यावर एकही लाट नाही. डावीकडे जवाहर द्वीपाचे दिवे, तेलाची जहाजं तिथे लागतात. बाबा उभे राहिले, एका हाताने खांब धरून, आणि दुसऱ्या हाताचं बोट हळूहळू फिरवायला लागले. ते जहाजं मोजत होते. त्यांनी तिकिटाच्या मागे चार उभ्या रेघा काढल्या, एक तिरकी, आणि पुढे आणखी दोन. प्रत्येक जहाजाचं नाक खाडीकडे होतं. सव्वापाचची भरती होऊन गेली होती, पाणी बाहेर निघालं होतं.

सूर्य लाँचच्या नाकासमोर, किंचित डावीकडे आला. आधी नुसता डाग. मग कड. मी चार-पाच फोटो घेतले आणि सवयीने वळले. मागे सगळी मुंबई उजळत होती. बंदरातून बघितलेली, तोंडावर ऊन घेतलेली मुंबई, जी बाबांनी शेडच्या दारातून कधी पाहिली नव्हती, कारण तेव्हा ते त्या चित्राच्या आत उभे होते. वरचे मजले आधी, मग गुदामांची पन्हाळी पत्र्यांची छपरं, मग इंदिरा गोदीच्या बाजूच्या क्रेना. बाबांचं तिकडे लक्ष होतं. "तो बघ, तो लांबडा पत्रा," ते म्हणाले. "त्याच्या पलीकडचं दार. तिथे मी बसायचो." त्यांचं बोट उन्हात होतं, आणि नखाच्या कडेला बॉलपेनची निळी शाई लागलेली. तो फोटो मी घेतला.

तो मी नंतर छापून आणला. बाबांनी त्याच्या मागे आपल्या कारकुनी अक्षरात लिहिलं आहे:

४-२-२५. माघ शु. ७, रथसप्तमी. मोऱ्याची लाँच. ओहोटी, भांग. वारा नाही. नांगरावर ७. पैकी भरलेली ३, रिकामी ४. सूर्य पंचांगात ७.१२, दिसला ७.२४. धूर. पलीकडच्या क्रेना मोजता आल्या नाहीत, पुन्हा जावे लागेल.